रीडरला हात न लावता: ‘विस्प’ टॅगचा प्रकरण अभ्यास

वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना कळवलं, की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर रेडिओ टॅग लावून माल पाठवा. त्याच सुमारास, डिसेंबर २००४ मध्ये, ईपीसीग्लोबल या संस्थेने टॅग आणि रीडर (रेडिओ लहर सोडून टॅग वाचणारं यंत्र) यांच्यातल्या संवादाचा नवा नियम मंजूर केला. त्याला सगळे ‘जेन-२’ म्हणतात. २००६ मध्ये तोच नियम आयएसओ १८०००-६सी या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. गोदामांच्या दारांवर, कन्व्हेयरच्या कडेला, ट्रक उतरवण्याच्या धक्क्यांवर रीडर बसू लागले. या सगळ्या रीडरचा प्रश्न एकच: तू कोण? आणि टॅगचं नेहमीचं उत्तरही एकच, ९६ बिटांचा एक नंबर.

खोकं कोणतं ते कळलं, पण आतला माल तापला का, आपटला का, उलटा पडला का? हे सांगणारे वायरलेस सेन्सर तेव्हाही मिळत होते. मात्र त्यांना बॅटरी लागते, ती संपली की बदलावी लागते, आणि त्यांचं ऐकायला वेगळा रिसीव्हर बसवावा लागतो. हजारो खोक्यांच्या व्यवहारात हे बसत नाही. रेडिओ टॅगला बॅटरी नसते. रीडर जी लहर सोडतो तिच्यातूनच तो वीज घेतो, आणि स्वतःची लहर न काढता रीडरचीच लहर कमी-जास्त परावर्तित करून उत्तर देतो. म्हणजे जिथे रीडर आहे तिथे वीज आहे आणि ऐकणाराही आहे. सेन्सरला याच वाटेने बोलतं करता येईल का?

सिएटलमधल्या इंटेलच्या संशोधन प्रयोगशाळेत २००५ च्या आसपास जोशुआ स्मिथ, मथाई फिलिपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला. वॉशिंग्टन विद्यापीठातले अलेक्झांडर मामिशेव, पुढे अ‍ॅलन्सन सॅम्पल, डॅनियल यीगर, पॉलिन पॉलेज अशी माणसं त्यात होती. त्यातून जे उपकरण घडलं त्याचं नाव ‘विस्प’, म्हणजे वायरलेस आयडेंटिफिकेशन अँड सेन्सिंग प्लॅटफॉर्म. बिनबॅटरीच्या सेन्सरची इतर उदाहरणंही आहेत. मी हे निवडलं ते त्यामागच्या एका अटीसाठी: रीडर बाजारातून विकत आणलेला असेल आणि जसाच्या तसा वापरला जाईल. जो काही बदल करायचा तो टॅगमध्ये.

ही अट मला या सगळ्या कामाचा कणा वाटते. रीडर गोदामाच्या मालकाचा असतो, बसवणारा कंत्राटदार वेगळा असतो, मागचं सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीचं असतं, आणि लहर किती ताकदीची असावी हे सरकार ठरवतं. यातल्या एकालाही ‘तुमच्याकडे जरा बदल करा’ म्हणावं लागलं, तर काम प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडत नाही. टॅग मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो. म्हणून अडचण कितीही मोठी असो, ती टॅगच्या बाजूने सोडवायची, असा हा निर्णय होता. त्याची किंमत किती हे पुढे दिसेलच.

परावर्तनाने बोलण्याची युक्ती मुळात ओळख सांगण्यासाठी वापरात आलेलीच नव्हती, हेही इथे नोंदवायला हवं. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. लेव्ह थेरेमिन यांनी बनवलेलं एक उपकरण तिच्यात दडवलेलं होतं: एक पोकळ धातूची डबी, तिच्यावर पातळ पडदा आणि एक अँटेना. बॅटरी नाही, तारा नाहीत. बाहेरून रेडिओ लहर सोडली की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरायचा आणि परतणाऱ्या लहरीवर आवाज उमटायचा. १९५२ मध्ये ते सापडलं. ती वस्तू सेन्सरच होती. हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संपर्क साधण्यावर लेख लिहिला तो १९४८ मध्ये, आणि नंबर सांगणारे टॅग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले.

पाऱ्याचे दोन थेंब

फिलिपोस यांचं आधीचं काम वृद्धांच्या दिनक्रमाशी जोडलेलं होतं. माणूस कोणत्या वस्तू हाताळतो यावरून तो चहा करतो आहे की औषध घेतो आहे हे संगणकाला ओळखता यावं, असा तो प्रयत्न होता. तिथे टॅग नुसता दिसून भागत नव्हतं. वस्तू हलली, कलली, उचलली हे कळायला हवं होतं.

पहिलं उपकरण, अल्फा-विस्प, अगदी साधं होतं. त्यात मायक्रोकंट्रोलर नव्हता. एक अँटेना, टॅगच्या दोन तयार चिप आणि पाऱ्याचे दोन स्विच. पाऱ्याचा स्विच म्हणजे बंद नळीतला पाऱ्याचा थेंब: नळी एका अंगाला कलली की थेंब घरंगळून दोन तारा जोडतो, दुसऱ्या अंगाला कलली की जोड तुटते. हे स्विच एकमेकांच्या उलट दिशेने बसवले. वस्तू सरळ असेल तर पहिली चिप अँटेनाला जोडली जाते, उलटी केली तर दुसरी. रीडरला दिसतं ते इतकंच, की एक नंबर गेला आणि दुसरा आला. त्याच्या लेखी ते दोन वेगळे टॅग. मागच्या संगणकाला मात्र ठाऊक आहे की दोन्ही नंबर एकाच कपाचे आहेत, आणि नंबर बदलला म्हणजे कप उलटा झाला.

मिस्ड कॉलने निरोप पाठवणं आपल्याकडे सगळ्यांनी केलं आहे. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. टेलिफोन कंपनीला त्यातलं काही कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते, कारण अर्थ दोन टोकांच्या माणसांनी आधी ठरवलेला असतो. अल्फा-विस्पने रीडरशी हेच केलं. या सगळ्या प्रवासात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. मिळालेली माहिती होती एक बिट, तीही ओबडधोबड. पण अर्थ कुठे ठेवायचा हे इथेच ठरलं. तो रीडरमध्ये ठेवायचा नाही, नियमातही नाही. तो टॅग बनवणारा आणि नंबर वाचणारं सॉफ्टवेअर यांच्यातच राहील.

पुढच्या पाय-विस्पमध्ये पाऱ्याच्या जागी मायक्रोकंट्रोलर आला. रीडरच्याच लहरीवर चालणारा हा छोटा संगणक एका रेडिओ स्विचने दोन चिपमध्ये अदलाबदल करायचा. आता पहिला नंबर म्हणजे शून्य आणि दुसरा म्हणजे एक असं धरून कोणतीही माहिती बिटाबिटाने पाठवता येऊ लागली. या पद्धतीला त्यांनी ‘आयडी मॉड्युलेशन’ म्हटलं. तत्त्व सिद्ध झालं, पण वेग फारच अपुरा होता. एका वाचनाला एक बिट मिळणार. दहा बिटांचं तापमान कळायला किमान दहा वाचनं लागणार. मधलं एखादं हुकलं तर पुढचे सगळे बिट एका जागेने सरकणार.

चिपच काढून टाकली

मग त्यांनी टॅगची तयार चिपच काढून टाकली. मायक्रोकंट्रोलरनेच टॅग व्हायचं: रीडरची आज्ञा सॉफ्टवेअरने ऐकायची, सॉफ्टवेअरनेच उत्तर रचायचं, आणि अँटेनाला जोडलेल्या एका ट्रान्झिस्टरने ते परावर्तित करायचं. सुरुवातीला हे पहिल्या पिढीच्या नियमावर केलं, नंतर जेन-२ वर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० या कमी विजेच्या मायक्रोकंट्रोलरवर हे सगळं उभं राहिलं.

जेन-२ मधला संवाद असा चालतो. रीडर ‘क्वेरी’ पाठवतो आणि त्यात क्यू नावाचा एक आकडा देतो. प्रत्येक टॅग शून्यापासून दोनचा क्यूवा घात वजा एक यांमधला कोणताही आकडा मनाशी धरतो. ज्याचा आकडा शून्य, तो लगेच १६ बिटांचा एक यादृच्छिक अंक पाठवतो. रीडर तोच अंक परत उच्चारून ‘ऐकलं’ म्हणतो. तेव्हाच टॅग आपला खरा नंबर सोडतो आणि मागोमाग चूक ओळखण्यासाठी १६ बिटांची सीआरसी बेरीज जोडतो. उत्तर द्यायला टॅगला मिळतात जेमतेम काही दशक मायक्रोसेकंद. समजा घड्याळ ३ मेगाहर्ट्‌झचं आहे आणि हाती ६० मायक्रोसेकंद आहेत, तर प्रोसेसरचे १८० ठोके होतात. तेवढ्यात सेन्सर वाचणं, नंबर रचणं आणि सीआरसी काढणं जमत नाही. म्हणून विस्पचं सॉफ्टवेअर उलट्या क्रमाने चालतं: आधी सेन्सर वाचायचा, उत्तर सीआरसीसकट तयार करून ठेवायचं, आणि मग रीडरच्या हाकेची वाट पाहायची.

तयार उत्तर कसं असायचं तेही सांगतो, कारण या प्रकरणाचा गाभा त्याच बारा बाइटमध्ये आहे. ९६ बिट म्हणजे १२ बाइट. पहिला बाइट सेन्सरचा प्रकार सांगतो. पुढचे ८ बाइट प्रत्यक्ष मोजमाप. त्यानंतर एक बाइट उपकरणाच्या आवृत्तीचा, आणि शेवटचे दोन बाइट त्या विशिष्ट विस्पचा अनुक्रमांक. त्वरणमापकाच्या तीन अक्षांना प्रत्येकी दोन बाइट दिले तरी ८ मधले दोन उरतात. एका वाचनात एक बिट मिळायचा तिथे आता ६४ बिट मिळू लागले, आणि रीडरच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. एका टॅगने आपला नंबर सांगितला, एवढंच.

रीडरला न छेडण्याचा फायदा इथे मोजता येतो. अनेक टॅग एकाच वेळी बोलू लागले तर गोंधळ कसा टाळायचा, हे नियमाने आधीच सोडवलेलं आहे. ते विस्पलाही लागू पडतं. नंबरात एखादा बिट चुकला तर रीडर सीआरसी पाहून तो टाकून देतो, म्हणजे मोजमापालाही तीच तपासणी मिळते. प्रत्येक वाचनावर रीडर वेळ आणि अँटेनाचा क्रमांक टाकतोच. २००७ मध्ये रीडर चालवण्याचा एलएलआरपी हा सामायिक नियमही आला. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या रीडरमधून हे सगळं एकाच पद्धतीने बाहेर काढता येऊ लागलं.

एक गोष्ट मात्र गोदामातला रीडर बसवणाऱ्याच्या सवयीविरुद्ध जाते. जेन-२ मध्ये ‘सेशन’ नावाची सोय आहे. एकदा वाचलेला टॅग काही काळ गप्प राहतो, म्हणजे रीडरचा वेळ न वाचलेल्या टॅगसाठी वाचतो. एस-२ किंवा एस-३ सेशनमध्ये टॅगला वीज मिळत असेपर्यंत, आणि ती गेल्यावरही किमान दोन सेकंद, तो गप्पच असतो. मोजणीसाठी हे उत्तम. सेन्सरसाठी घातक, कारण समोर तासभर उभ्या असलेल्या टॅगचं तापमान एकदाच मिळेल. एस-० मध्ये वीज गेली की खूण पुसली जाते आणि टॅग पुन्हा बोलतो. असलेल्याच रीडरवर सेन्सर चालवायचा तर सेशनची नेमणूक पाहायला हवी. ती रीडरच्या सेटिंगमध्ये असते, त्यासाठी रीडर बदलावा लागत नाही.

चार मिलिसेकंदांची वीज

आता किंमत. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रीडरला १ वॉट पाठवायची आणि त्यावर ६ डेसिबलचा अँटेना लावायची मुभा आहे. टॅगच्या अँटेनाची वाढ २ डेसिबल धरली, ध्रुवीकरण न जुळल्याचा ३ डेसिबलचा तोटा वजा केला आणि मोकळ्या जागेचं साधं गणित मांडलं, तर एका मीटरवर टॅगच्या हाती सुमारे २ मिलिवॅट येतात. अंतर दुप्पट झालं की वीज चौथा हिस्सा. चार-साडेचार मीटरवर ती उणे साडेनऊ डीबीएमच्या आसपास उतरते, म्हणजे ११२ मायक्रोवॅट. विस्पचा उंबरठा साधारण इथेच होता. त्याहून कमी विजेत डायोड-कपॅसिटरच्या जोडण्यांमधून पुरेसा व्होल्टेज उभा राहत नाही.

आता खर्च पाहा. मायक्रोकंट्रोलर जागा असताना १.८ व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअर घेतो असं धरू, म्हणजे ९०० मायक्रोवॅट. काठावरच्या टॅगला मिळतात त्याच्या आठपट. म्हणून विस्प बहुतेक वेळ झोपलेला असतो. १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर हळूहळू भरतो. व्होल्टेज ठरावीक पातळीला पोचला की एक छोटं सर्किट मायक्रोकंट्रोलरला उठवतं. २ व्होल्टवरून १.८ वर उतरताना त्या कपॅसिटरमधून निघते जवळपास ३.८ मायक्रोज्यूल ऊर्जा. ९०० मायक्रोवॅटच्या हिशेबाने ती साधारण ४ मिलिसेकंद पुरते. तेवढ्यात मोजायचं, रीडरची हाक ऐकायची आणि उत्तर द्यायचं. पुन्हा कपॅसिटर भरायला, एक कणही वाया जात नाही असं धरलं तरी, ३४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात कितीतरी वाया जाते.

त्या चार मिलिसेकंदांत रीडरने हाक मारलीच नाही तर? किंवा हाक मारली पण या टॅगचा आकडा शून्य आला नाही? तर साठवलेली ऊर्जा वाट पाहण्यात संपते. हा प्रश्न शैक्षणिक वाटू शकतो, पण त्यावर गंभीर काम झालं. मायकेल ब्यूटनर, बेन ग्रीनस्टीन आणि डेव्हिड वेदरॉल यांनी २०११ मध्ये ‘ड्यूड्रॉप’ मांडलं. काम किती खर्चाचं आहे आणि वीज किती वेगाने येते आहे, हे पाहून कोणत्या व्होल्टेजला उठायचं ते टॅगने स्वतः ठरवायचं. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या बेंजामिन रॅन्सफर्ड, जेकब सोर्बर आणि केव्हिन फू यांनी ‘मेमेंटोज’ दिलं: काम अर्धवट असताना वीज जाणार असं दिसलं की तोवरची स्थिती कायमच्या मेमरीत लिहून ठेवायची आणि वीज परतल्यावर तिथूनच पुढे जायचं. पुढच्या विस्प-५ मध्ये फ्लॅश मेमरीऐवजी एफरॅम, म्हणजे कमी विजेत लिहिता येणारी कायमची मेमरी, असलेला मायक्रोकंट्रोलर आला, आणि हे लिहिणं खूपच स्वस्त झालं. अधूनमधून येणाऱ्या विजेवर संगणक कसा चालवायचा, या आज बहरलेल्या संशोधनाचं एक मूळ या छोट्या टॅगमध्ये आहे. मला हे त्या मूळ अटीचंच फळ वाटतं. रीडर बदलायची मुभा असती तर कुणीतरी त्याला टॅगच्या सोयीने जास्त वेळ बोलायला लावलं असतं आणि प्रश्न तिथेच मिटला असता.

भारतासाठी हे गणित थोडं बदलतं, आणि ते आपल्या बाजूने बदलतं. २००५ च्या नियमाने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय खुला झाला: पाठवायची शक्ती १ वॉट आणि प्रभावी प्रसारित शक्ती ४ वॉट. ही ४ वॉट साध्या द्विध्रुव अँटेनाच्या तुलनेत मोजलेली आहे. अमेरिकेचा आकडा (१ वॉट आणि ६ डेसिबल मिळून तोही ४ वॉटच) सर्व दिशांना सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत असतो. त्या मापाने आपली मर्यादा साडेसहा वॉटच्या वर जाते. त्यात आपली तरंगलांबी थोडी मोठी. दोन्ही धरले तर तोच उणे साडेनऊ डीबीएमचा टॅग कागदावर साडेचारऐवजी जवळपास सहा मीटरवर चालायला हवा. मात्र ९१५ मेगाहर्ट्‌झसाठी कापलेला अरुंद पट्ट्याचा अँटेना इथे तसाच लावला तर हा फायदा हातचा जातो.

दुधाचा खोका

विस्पला मर्यादा होती ती रीडरच्या सहवासाची. रीडर समोर नसेल तर टॅग मेलेला. शीतसाखळीत तर नेमका ट्रकमधला आणि दुकानाच्या मागच्या खोलीतला वेळ महत्त्वाचा असतो, जिथे रीडर नसतो. २००८ मध्ये यीगर, पॉलेज, वेदरॉल, स्मिथ आणि सहकाऱ्यांनी यावर एक वेगळी रचना मांडली. टॅगला मोठा कपॅसिटर दिला. रीडरजवळ असताना तो भरून घ्यायचा, दूर गेल्यावर त्यावरच मोजमाप करून मेमरीत लिहायचं, आणि पुन्हा रीडर भेटला की साठवलेलं सगळं सांगायचं. बॅटरी याही टॅगमध्ये नव्हती.

त्यांनी तो दुधाच्या खोक्याला लावला आणि दिवसभराच्या वापरात दुधाचं तापमान आणि खोक्यातली पातळी नोंदवली. निवड विचारपूर्वक होती. पाण्याचं प्रमाण जास्त असलेला पदार्थ या लहरी शोषतो आणि अँटेनाची जुळणी बिघडवतो, म्हणजे टॅगसाठी ही वाईट जागा. पण दुधाचं तापमान हाच नेमका असा आकडा आहे जो सर्वांना हवा असतो आणि खोक्याबाहेरून कळत नाही. दुकानातल्या रीडरने नंबर वाचला तर दूध आत्ता किती थंड आहे ते समजेल. साठवलेली नोंद वाचली तर ते मधे कधी तापलं होतं का ते समजेल. ग्राहकाचं भलं दुसऱ्या उत्तरात आहे.

नंबर बदलला की मागे काय होतं

आतापर्यंत मी रीडर बदलला नाही म्हणत आलो. पण रीडरच्या मागे काय असतं? तिथे एक मोठी यादी असते, आणि ती नंबर कायम राहणार या गृहीतावर उभी असते.

फास्टॅग घ्या. आपल्या गाडीच्या काचेवरचा तो टॅग याच कुळातला: आयएसओ १८०००-६सी, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ. टोलनाक्यावरचा रीडर नंबर वाचतो आणि मागची यंत्रणा त्यावरून खातं शोधते. तो नंबर दर सेकंदाला बदलू लागला तर खातं कसं सापडणार? गोदामाचंही तेच. विस्पसारखा टॅग साध्या मोजणीच्या सॉफ्टवेअरसमोर आणला, तर तापमान अर्धा अंश बदललं की सॉफ्टवेअर म्हणणार नवं खोकं आलं. तासाभरात एका खोक्याची शंभर खोकी होतील. त्यामुळे नंबरात मोजमाप कोंबण्याची पद्धत रीडरपर्यंत निर्धोक आहे आणि त्याच्या पुढच्या पायरीवरच अडते. नंबरातला कोणता भाग ओळखीचा आणि कोणता मोजमापाचा, हे वेगळं करणारा एक थर मधे हवाच. तो थर सेन्सरच्या टॅगसाठी वेगळा लिहिला आणि मूळ मालाच्या यादीकडे फक्त ओळखीचा भाग जाऊ दिला, तर दोन्ही सुखाने नांदतात. हे काम अवघड नाही. पण ते कोण करणार हे आधी ठरलं नाही, तर सगळी यंत्रणा रीडर चांगला असूनही फसते.

गोपनीयतेचा प्रश्नही त्याच जागी उभा राहतो. नंबर कुणीही वाचू शकतो, मग मोजमापही कुणीही वाचू शकतो. आणि खोटं मोजमाप सांगणारा टॅग बनवणंही शक्य आहे. ह्यी-जिन चे, यीगर, स्मिथ आणि फू यांनी २००७ मध्ये विस्पवर आरसी५ हा सांकेतिकीकरणाचा अल्गोरिदम चालवून दाखवला. रीडरच्या लहरीवर जगणाऱ्या टॅगलाही सांकेतिक लिपीत बोलता येतं, हे त्यातून दिसलं. कुलूप त्या आठ बाइटवर लागलं की रीडरला काहीच फरक पडत नाही, कारण त्याला त्यांचा अर्थ कधी माहीतच नव्हता.

वाचायला सांगण्याची वाट

विस्पच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीच्याच आवृत्त्यांपासून दुसरी सोयही होती. मोजमाप नंबरात ठेवायचं की ‘रीड’ आज्ञेच्या उत्तरात, हे निवडता यायचं. जेन-२ मध्ये टॅगच्या मेमरीचे चार भाग असतात: आरक्षित, ईपीसी (टॅगचा नंबर), टीआयडी (चिपची स्वतःची ओळख) आणि वापरकर्त्याचा. टॅगची ओळख पटल्यावर रीडर त्यातला एखादा शब्द, म्हणजे बिटांचा ठरावीक तुकडा, वाचायला मागू शकतो. ही आज्ञा नियमातलीच आहे. नंबर कायम राहतो, मागची यादी बिघडत नाही, आणि मोजमाप वेगळ्या वाटेने येतं.

मग सगळ्यांनी हेच का केलं नाही? कारण यात वेळ आणि वीज जास्त लागते. नंबर सांगितल्यावर आणखी एक अंक मागायचा, मग वाचायची आज्ञा, मग उत्तर. चार मिलिसेकंदांच्या ऊर्जेवर जगणाऱ्या टॅगला ही लांबलेली बैठक महागात पडते. काठावरच्या अंतरावर नंबर ऐकू येतो, पण वाचन अर्धवट राहतं. जवळच्या टॅगसाठी रीड बरा, दूरच्यासाठी नंबर, असा माझा कौल आहे. मोजमाप मोठं असेल तर दोन्ही वाटा अरुंदच. स्मिथ यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये विस्पला कॅमेराही जोडला. समजा १६० बाय १२० ठिपक्यांचं करडं छायाचित्र आहे, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. १९,२०० बाइट झाले. आठ-आठ बाइटने पाठवायचे तर २,४०० वाचनं.

बाजारात आलेल्या सेन्सर चिपमध्ये हीच निवड पुन्हा दिसते. ईएम मायक्रोइलेक्ट्रॉनिकची ईएम४३२५ आणि एएमएसची एसएल९००ए या दोन्ही जेन-२ चिपमध्ये तापमानाचा सेन्सर आहे. पण मोजमाप मिळवण्यासाठी त्या आपल्या खास आज्ञाही वापरतात. नियमाने अशा आज्ञांना जागा दिलेली आहे. प्रश्न इतकाच, की गोदामात आधीच बसलेल्या रीडरला त्या पाठवता येतात का. अनेकदा त्यासाठी रीडरचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं आणि ‘असलेली यंत्रणा वापरू’ हा मूळ हिशेबच कोसळतो. आरएफमायक्रॉनच्या, म्हणजे आताच्या अ‍ॅक्सझॉनच्या, मॅग्नस चिपची वाट मला म्हणून जास्त पटते. ही चिप अँटेनाशी जुळण्यासाठी आपली आतली धारिता स्वतःच कमी-जास्त करते. जवळ ओलावा आला की अँटेना बिघडतो, चिप पुन्हा जुळवून घेते, आणि जुळवायला किती बदल करावा लागला हा आकडा मेमरीत ठेवते. तो आकडा साध्या रीड आज्ञेने मिळतो. ज्या गोष्टीने दुधाच्या खोक्यावरचा टॅग आंधळा होतो तीच इथे मोजमाप झाली, आणि रीडरला फक्त मेमरीतला एक शब्द वाचायला सांगावं लागलं. तापमान मोजणाऱ्या नव्या मॅग्नसला मात्र मोजमापासाठी काही क्षण अखंड लहर हवी असते. तेवढा वेळ आपला रीडर देतो की नाही, हे टॅग मागवण्याआधी पाहून घ्यायचं.